डाव्या पायातली चप्पल

चि. ओंकारला अनेक आशीर्वाद,

काल फोनवर तू 'पित्ताशयाचं ऑपरेशन पुढे ढकल' म्हणालास आणि मी चिडून फोन ठेवला. रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं, तुझ्या डोक्यात अजून माझ्या अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस आहे. तू तेव्हा सातवीत होतास. गणवेशातच थेट दवाखान्यात आलास. तुला बघून मी पलंगावरून उतरायला गेले, तर डावा पाय जागेवरच नव्हता म्हण ना. तुझ्यासमोर खाली बसले. 'भूल बाधली, एमएस उसळला,' असं दारातून कोणीतरी म्हणालं, एमएस म्हणजे माझा नसांचा जुना आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस, आणि तेवढंच तू ऐकलंस.

पुढचं तुला कोणी नीट सांगितलंच नाही. रिलॅप्स, म्हणजे आजार नव्याने उसळला असं समजून स्टेरॉइड सुरू करायची तयारी झाली होती. रात्रपाळीच्या नर्सबाईंनी लघवीची पिशवी उजेडात धरली, तर गढूळ. थर्मामीटर लावला, 102. लघवीच्या नळीमुळे संसर्ग झाला होता. अँटिबायोटिक सुरू झालं, ताप उतरला आणि दोन-तीन दिवसांत पाय परत आला. भूल बिचारी फुकट बदनाम झाली. त्याआधी दिवसभर कोणी ताप का मोजला नव्हता, हे मात्र मी अजून विसरलेली नाही.

एमएसमध्ये मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं वेष्टन आपलीच प्रतिकारशक्ती कुरतडते. उघड्या पडलेल्या नसेतून निरोप कसाबसा जातो, आणि अंग तापलं की तोही अडतो. अर्धा अंश सेल्सिअस वाढला तरी पुरे. ऊटहोफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी 1890 साली लिहून ठेवलं होतं, की अशा रुग्णांना व्यायामानंतर अंधुक दिसतं. दोष व्यायामाचा नसून वाढलेल्या उष्णतेचा, हे पुढे कळलं. यात नवी इजा होत नाही, जुन्याच जागा कुरकुरतात. अंग निवलं की थांबतात. माझी खूण तर तुझ्या पाठ आहे. अंग गरम झालं की डाव्या पायातली चप्पल मागे कुठेतरी राहते. पायाला कळत नाही, कानाला कळतं: एकाच चपलेचा आवाज यायला लागतो.

म्हणून मला भीती तापाची आहे, भुलेची नाही. पूर्ण भूल दिल्याने रिलॅप्स वाढतात असा भक्कम पुरावा नाही, हे न्यूरॉलॉजिस्ट आणि भूलतज्ज्ञ दोघांनीही सांगितलं. उलट थांबलो आणि खडा अडकून पित्ताशय सुजलं, तर ताप ठरलेलाच. मग तेच ऑपरेशन घाईगर्दीत, फणफणलेल्या अंगाने करायचं.

पाठीतल्या सुईचं तू विचारलंस. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पूर्ण भूलच देणार आहेत, त्यामुळे तो प्रश्न नाही. पण ती भीती कुठून आली ते ऐक. मज्जारज्जूजवळ दिलेलं औषध उघड्या नसांना जास्त लागेल, असं पूर्वीच्या डॉक्टरांना वाटायचं. 1998 साली युरोपातल्या 12 देशांमधल्या 254 एमएस असलेल्या गरोदर बायकांचा अभ्यास छापून आला. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत रिलॅप्स वाढले, पण त्याचा एपिड्युरलशी, म्हणजे कळा कमी करायला पाठीत सुईने दिलेल्या औषधाशी, संबंध दिसला नाही. तुझ्या वेळी मला 'तुम्हाला ते चालणार नाही' म्हणून कळा तशाच काढायला लावल्या. त्याचा हिशेब आता कोणाकडे मागू?

या वेळच्या भूलतज्ज्ञ बाईंनी अर्धा तास दिला. मला व्हरांड्यात चालवलं, पाय उचलायला लावला, एकेक डोळा झाकून अक्षरं वाचून घेतली, गिळताना ठसका लागतो का विचारलं, आणि सगळं लिहून काढलं. नंतर पाय ओढला तर आधी किती ओढत होता, ते कागदावर हवं ना! स्नायू सैल करायचं सक्सिनिलकोलिन नावाचं एक इंजेक्शन मला द्यायचं नाही, असंही त्यात आहे. बराच काळ अशक्त असलेल्या स्नायूंमधून त्याने रक्तात पोटॅशियम एकदम चढू शकतं आणि ते हृदयावर बेततं. वर्षभरात घेतलेल्या स्टेरॉइडचीही त्यांनी नोंद केली. ती बराच काळ घेतली असतील तर ऑपरेशनच्या ताणात शरीर स्वतःचं स्टेरॉइड पुरेसं बनवू शकत नाही म्हणे.

तुझ्यावर एकच काम सोपवते, बॅक्लोफेनचं, म्हणजे माझ्या ताठरलेल्या स्नायूंसाठीच्या गोळीचं. उपाशी ठेवायचं म्हणून सकाळच्या गोळ्या सरसकट बंद करतात, आणि ही गोळी अचानक बंद झाली तर झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. घोटभर पाण्याबरोबर ती घ्यायची, असं बाईंनी लिहून दिलंय. तो कागद माझ्या निळ्या पिशवीत वरच आहे. कोणी नाही म्हणालं तर वाद घालू नकोस, नुसता कागद दाखव.

आणि ऑपरेशननंतर मी दोन-चार दिवस लटपटले, जीभ जड वाटली, तर लगेच तोंड पाडून बसू नकोस. आधी थर्मामीटर मागव. नळी कधी काढणार ते रोज विचार, मला लवकर उठवून बसव. ताप नसताना एखादी नवीच गोष्ट दिवसभर टिकली, दिसेनासं झालं किंवा एखादा हात बधिरला, तर मात्र न्यूरॉलॉजिस्टना फोन कर, माझ्या 'राहू दे'कडे लक्ष देऊ नकोस.

येताना घरची पातळ चादर आण. ते जाडजूड पांघरूण आणलंस तर तुझ्याच अंगावर घालीन.

तुझी,
आई