चि. मुग्धाला, सांगलीच्या घराविषयी

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

जूनपासून तू मुलांना घेऊन गावभागातल्या घरी राहायला जाते आहेस, याचा आम्हा दोघांना फार आनंद आहे. पाठीला डबा बांधून शिकलेलं पोहणं, होड्यांच्या शर्यती, हरिपूरच्या रस्त्यावरच्या चिंचा, हे सगळं मुलांना दाखवच. पण त्या घरात राहायचं तर कृष्णा फुटांत मोजता आली पाहिजे, म्हणून सविस्तर लिहिते.

आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी रोज बघत जा. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. हे आकडे गावासाठी आहेत. आपल्या घराचा आकडा जिन्याखालच्या भिंतीवर आहे. तुझ्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणांशेजारी पुराच्या रेघा आहेत बघ. 2019 ची रेघ उंबऱ्यापासून चार फुटांवर. तेव्हा पुलाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं होतं, म्हणजे साडेत्रेपन्नच्या सुमारास ते आपला उंबरा ओलांडतं. 2005 ला पातळी 53 च्या पुढे गेली होती आणि ती रेघ अगदी जमिनीलगत आहे, हिशेब जुळतो. त्या भिंतीला कधी रंग देऊ नकोस.

गल्ली मात्र घराच्या आधी बुडते. म्हणून 45 ला सामान वर जायला लागलं पाहिजे आणि गल्लीच्या तोंडाशी पाणी दिसायच्या आत मुलांना घेऊन बाहेर पडायचं. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला एक दिवस तरी जातो. हरिपूरला वारणा मिळते, खाली नरसोबावाडीला पंचगंगा. त्या दोन्ही भरून वाहत असल्या की कृष्णेचं पाणी पुढे सरत नाही, तुंबतं. म्हणून सांगलीत लख्ख ऊन पडलेलं असतानाही पातळी चढत राहते. आभाळ बघून ठरवू नकोस, कोयना आणि वारणेवरचं चांदोली या धरणांचा विसर्ग बघ.

घरात पाणी दारातून येण्याआधी मोरीतून येतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. गटारं नदीला मिळतात; नदी चढली की तीच उलटी वाहायला लागतात. मोरीच्या आणि संडासाच्या भोकात जुन्या चादरीचा घट्ट बोळा कोंब, वर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर वाळूची पोती. कोरडी वाळू मे महिन्यातच भरून ठेव, पोतं अर्धंच भर. गच्च भरलेलं पोतं जमिनीवर नीट बसत नाही आणि कडेने पाणी येतं.

वर नेताना आधी इन्व्हर्टरची बॅटरी, मग धान्य, मग फ्रिज. सिलिंडर रेग्युलेटर काढून, टोपण लावून वर ने. रिकामा असला तर तरंगत जाऊन दारं फोडतो. निघताना मेन स्विच बंद. आजीची तांब्याची भांडी, घराचे कागद आणि फोटोंची पेटी कायमची माडीवरच राहू दे.

खरं काम पाणी ओसरताना असतं. गाळ ओला आहे तोवर, उतरत्या पाण्याबरोबरच खराट्याने बाहेर लोटायचा. दोन दिवस उन्हात राहिला की फावड्याने खरवडावा लागतो आणि फरशीच्या सांध्यांतून तर निघतच नाही. पण आत पाऊल टाकण्याआधी मागची मातीची भिंत बाहेरूनच बघ. अशी भिंत पाणी चढताना टिकते आणि ओसरताना पडते, कारण पाण्याचा टेका जातो आणि भिजून जड झालेल्या मातीला स्वतःचं वजन पेलवत नाही. भेग किंवा फुगवटा दिसला तर गवंडी येईपर्यंत आत जायचं नाही. गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवेल, नाही म्हण. सिमेंटखाली माती वाळत नाही, ओल आतच राहते. चुन्याचाच करून घे, तोही भिंत पुरती सुकल्यावर.

सागवानी दारं फुगून अडकतील. रंधा मारू नकोस आणि उन्हातही काढू नकोस, सावलीत सावकाश वाळली की पुष्कळशी आपोआप जागेवर येतात. फोटो भिजलेच तर एकमेकांना चिकटलेले ओढून सोडवू नकोस. स्वच्छ पाण्यात बुडवून ठेव, सुटे झाले की चित्र वर करून सावलीत पसर.

वायरमनने तपासल्याशिवाय वीज चालू करायची नाही. टाकी घासून भरल्यावर 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर: बादलीत कालवून, चुना खाली बसला की वरची निवळ टाकीत ओत, एक तास थांब, आणि पहिले काही आठवडे पिण्याचं पाणी उकळूनच घे. टीसीएल दर पावसाळ्यात नवीन आण. जुन्या पुडीतला क्लोरीन उडून गेलेला असतो.

तुझी,
आई