शपथ मोडलीस ते बरं केलंस

दारव्हा, जि. यवतमाळ

चि. गौरी,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं, त्यामुळे मनासारखं बोलता आलं नाही. आता दुकानाचं शटर ओढलं आहे, आई बचत गटाच्या बैठकीला गेली आहे, म्हणून निवांत लिहायला बसलो.

तुझ्या मैत्रिणीचा भाऊ येऊन तिला घरी घेऊन गेला, डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण जाताना ती तुला म्हणाली, ‘शपथ घातली होती तरी सांगितलंस, आता तुझा-माझा संबंध संपला,’ आणि ते तुला फार लागलं आहे. पोरी, शपथ मोडलीस ते बरं केलंस. जीव द्यायची गोष्ट कुणी शपथ घालून सांगितली, तर ती शपथ पाळायची नसते. ती आज तुझ्यावर रागावली आहे. रागावू दे. रागवायला ती आहे, मला तेवढं पुरे.

आणि तू नीट पाहिलंस याचं मला फार कौतुक वाटतं. मेसचा डबा तसाच परत जातो, वर्षभर जपलेल्या नोट्स ती ज्युनियर मुलींना वाटून टाकते, अभ्यासिकेतली जागा सोडून देते, ‘मी नसले तर कुणाचं काय अडतं’ असं दोनदा बोलून जाते. बाकीच्या म्हणाल्या, स्पर्धा परीक्षेची मुख्य परीक्षा थोडक्यात हुकली म्हणून नाटक करते, जी बोलते ती काही करत नाही. हा समज फार जुना आहे आणि साफ चुकीचा आहे. बोलून दाखवणाऱ्यांपैकी कितीतरी जण खरोखर त्या कडेला उभे असतात, आणि बोलणं हीच त्यांची मदतीची हाक असते.

तू मला विचारलंस, ‘बाबा, मी तिला सरळ विचारलं की जीव द्यायचे विचार येतात का. तसं विचारून मी तिच्या डोक्यात काही भरवलं नाही ना?’ नाही. या विषयातले डॉक्टर एकमुखाने हेच सांगतात की सरळ विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं उतरवायला जागा मिळते. मी हे आपल्या शेती-औषधांच्या दुकानात पाहिलं आहे. ते तुला कधी सविस्तर सांगितलं नव्हतं.

चैत्राचे दिवस होते. रानात पऱ्हाट्या उपटून झालेल्या, हरभरा घरात आलेला, शेतात उभं काहीच नाही. भरदुपारी बाजूच्या गावचा एक कास्तकार आला. आपलं जुनं गिऱ्हाईक, उधारी दरसाल दिवाळीनंतर चुकती करणारा. म्हणाला, फवारणीचं औषध द्या. मी विचारलं, ‘भाऊ, आता कायवर फवारता?’ ‘घरी ठेवाले पायजे,’ म्हणाला. नजर काउंटरच्या काचेवर, माझ्याकडे पाहीना. पायात चप्पल नव्हती. त्या उन्हात तो अनवाणी चालत आला होता आणि त्याच्या ते ध्यानातही नव्हतं.

मी त्याला आत, पोत्यांवर बसवलं. पाणी दिलं. पोराला चहा आणायला पिटाळलं. आणि समोर बसून विचारलं, ‘जीव द्यायचं मनात आहे का?’ तो बराच वेळ बोलला नाही. मग टोपी काढली आणि तोंडावर धरली. त्यानंतर जे बोलायला लागला ते चहा गार होऊन साय धरेपर्यंत बोलतच होता. सोयाबीन पावसात गेलं, बँकेचं थकलं, सावकाराकडे जमिनीचा कागद अडकला, मुलीचं लग्न ठरत नव्हतं, आणि या सगळ्यावर रात्र रात्र झोप नाही. ‘झोप आली असती तर यवढं वाटलं नसतं,’ असं म्हणाला, ते माझ्या कानात बसलं आहे.

मी त्याला उपदेश केला नाही. ‘बायकोपोरांचा विचार कर’ असंही म्हटलं नाही. त्याचाच विचार करकरून तो तिथवर आला होता. आपण नसलो तर त्यांचं बरं होईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. मी फक्त म्हटलं, आज तुम्हाला एकटं जाऊ देत नाही. त्याच्या साळ्याला फोन केला, त्यांच्या गावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना केला. साळा मोटरसायकल घेऊन आला, रात्री त्याच्याजवळ झोपला. घरातलं औषध आशाताईंनी उचलून दुसरीकडे ठेवायला लावलं. दुसऱ्या दिवशी दोघं त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

बघ, यात मी काय केलं? विचारलं, बसवलं आणि दुसऱ्याच्या हातात दिलं. साळ्याने रात्र काढली. आशाताईंनी डॉक्टरपर्यंत नेलं. डॉक्टरांनी झोपेचं आणि उदासीचं पाहिलं. गावच्या पतपुरवठा सोसायटीच्या सचिवाने कर्जाच्या पुनर्गठनाचा, म्हणजे हप्ते नव्याने बांधून घ्यायचा, अर्ज भरून दिला. सावकाराकडे परवाना नव्हता, म्हणून २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार गेली. या कायद्यात बेकायदा सावकाराने अडकवलेली जमीन परत मिळवायची सोय आहे, आणि हे आपल्या भागातल्या निम्म्या लोकांना अजून माहीत नाही. नुसत्या गोळीने त्या माणसाचं भागलं नसतं आणि नुसत्या कर्जमाफीनेही नाही. इथे लोक या दोन बाजूंवरून भांडत बसतात, कुणी म्हणतं सगळं कर्जामुळे, कुणी म्हणतं सगळं मनाच्या आजारामुळे. त्या भांडणाचा मला मनापासून राग येतो. पोत्यावर बसलेल्या माणसाला दोन्ही झालेलं असतं.

तुला जे ओझं वाटत होतं ते म्हणूनच. तू ते एकटी उचलायला निघाली होतीस. रात्ररात्र तिच्या कॉटजवळ जागी, दिवसा अभ्यासिकेत डोळे मिटणारे, आणि कुणाला सांगायचं नाही. असं कुणीच निभावू शकत नाही, घरचं माणूसही नाही. हे काम वाटून घ्यायचं असतं.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ नावाचं काम झालं होतं, त्याबद्दल मी वाचलं आणि आशाताईंनाही वाचायला दिलं. ३० गावं. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं, त्यांनी घरोघरी जाऊन उदासीबद्दल, दारूबद्दल, जीव देण्याच्या विचारांबद्दल उघड बोलायला सुरुवात केली, लागेल त्याला समुपदेशकाकडे आणि डॉक्टरांकडे पोचवलं. आधी उदासीच्या आजारातल्या शंभरातल्या जेमतेम ४ जणांना कुठली मदत मिळत होती. दीड वर्षात ते प्रमाण २७ च्या वर गेलं. आणि वर्षभरात जीव द्यायचे विचार आले असं सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ वर आले. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मोठी यंत्रं नाहीत, मोठं हॉस्पिटल नाही, गावची माणसं. राज्य सरकारचा ‘प्रेरणा प्रकल्प’ही २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत याच वाटेने निघाला: आशाताईंनी घरी जाऊन विचारपूस करायची आणि जिल्हा रुग्णालयाशी गाठ घालून द्यायची. जिथे आशाताई मनावर घेतात तिथे फरक दिसतो.

२०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी असा जीव गमावला. त्यातली २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातली, सगळ्या राज्यांत जास्त. विद्यार्थी १३,०४४. आम्ही इकडे शेतकऱ्यांचं दुःख सांगतो आणि तुम्ही तिकडे खोलीत दार लावून परीक्षेचं. दोन्हीकडे माणूस एकटा पडतो तेव्हाच घात होतो.

दुकानदार म्हणून मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. जीव द्यावासा वाटण्याची ती तीव्र वेळ बहुतेकदा थोडी असते. काही तास, कधी त्याहून कमी. तेवढ्या वेळात घातक वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचतो, आणि एकदा वाचलेले बहुतेक जण पुढे आपलं आयुष्य जगतात. ‘ज्याला जायचं तो जातोच’ हे खोटं आहे. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. पिकं बुडाली नाहीत. तामिळनाडूत कडलूर जिल्ह्यातल्या दोन गावांत सगळ्यांची औषधं घराबाहेर, एका ठिकाणी कुलपाच्या पेट्यांत ठेवायचा प्रयोग झाला, त्याचाही उपयोग दिसला. चेन्नईच्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांचं ते काम. आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारी ‘स्नेहा’ ही संस्था १९८६ मध्ये त्यांनीच काढली. हे सगळं कळल्यापासून मी गिऱ्हाइकाला हंगामापुरतंच औषध देतो, सीलबंद डबा उरला तर परत घेतो, आणि पेटीला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा म्हणून प्रत्येकाला सांगतो. थोडा धंदा जातो. जाऊ दे.

हे तुला एवढ्यासाठी लिहिलं की ती पुण्याला परत आली तर खोली आधी तिच्या नजरेने बघून घ्या. काय उचलून ठेवायचं ते डॉक्टरांना आणि तिच्या भावाला विचारा, आणि तिला न लपवता सांगा. तिच्या गोळ्या सुरुवातीला मोजक्याच आणि कुणाच्या तरी ताब्यात असू देत. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेव्हा चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू देऊ नका. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानेही नाही.

तुमच्या मजल्यावरच्या मुलींनी आपसात वार लावून घ्या. एकीने मेसला सोबत जायचं, एकीने संध्याकाळी फिरायला, एकीने नुसतं खोलीत बसायचं. प्रत्येकीने तिला समजावत बसू नका. भाजी कशी झाली, पंख्याचा आवाज येतो, असलं साधं बोला. तिला काय झालं होतं याची चर्चा जिन्यात होता कामा नये. ती सांगेल त्याला सांगेल. आणि पुन्हा तशी रात्र आली तर तिला एकटं सोडायचं नाही, तिच्या घरी कळवायचं आणि १४४१६ लावायचा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. तिच्याविषयी तूही लावू शकतेस; रोग्यानेच करावा असं नाही. धोका समोर दिसत असेल तर फोनवर वेळ न घालवता थेट दवाखाना.

हॉस्टेलवर कुणीतरी ‘पोलीस केस होते, गप्प राहा’ म्हणालं ना? त्यांना सांग, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतात आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जीव द्यायचा प्रयत्न हाच गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलम तसं उरलंच नाही. या भीतीपायी घरच्यांनी दवाखाना टाळला, अशी उदाहरणं इथे ऐकली आहेत.

आता परीक्षेचं. तामिळनाडूने नापास मुलांना वर्ष वाया न घालवता लगेच पुन्हा बसायची सोय केली, त्यामागे ‘स्नेहा’चाच पाठपुरावा होता. आपल्याकडेही २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैच्या सुमारास होते. लहान मुलांना दुसरं दार ठेवायचं हे सरकारलाही पटलं. तुम्हा स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मात्र जाहिरातीची वाट, वयोमर्यादा, आणि गावात ‘साहेब कधी होणार’ विचारणारी माणसं. म्हणून आमच्याकडून तुझं दुसरं दार मी आजच लिहून देतो. दोन मार्कांनी जावो की वीस मार्कांनी, तू कधीही ये. गावात काय सांगायचं ते मी आणि आई बघू. पुण्यात ठेवायला किती खर्च झाला तो या घरात कुणी कधी काढणार नाही. आणि तुझी झोप गेली, जेवण तुटलं, असले विचार तुझ्या मनात आले, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी फोन कर. मला सांगवेना तर आईला सांग, आईला सांगवेना तर आत्याला. पण सांग.

मैत्रिणीला रोज एक छोटा मेसेज टाकत जा. उत्तर आलं नाही तरी चालेल. ‘जेवलीस का’ एवढंच.

रविवारी आम्ही दोघं पुण्याला येतो आहोत. कापसाची एक गाडी जिनिंगला घातली की रात्रीच्या बसने निघतो. तुझ्या हॉस्टेलच्या बाईंना वेळ विचारून ठेव. मुलींच्या मजल्यावर १४४१६ लिहिलेला कागद लावू देतील का, आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी कुणी समुपदेशक बोलावता येईल का, हे मला त्यांच्याशी समोर बसून बोलायचं आहे. मैत्रिणीच्या भावाचा नंबरही पाठव. तिचे आईवडील घाबरलेले असतील, त्यांच्याशी मी बोलतो.

तुझे,
बाबा