तुझी सफरचंदाची रोपं

सोलापूर,
१६ फेब्रुवारी

प्रिय दत्तू,

काल संध्याकाळी तुझ्या घरी जाऊन रोपं बघून आलो. काकू म्हणाल्या ते खरं आहे, पाचातल्या तिघांवर अजून एक पान नाही. पण ती मेलेली नाहीत. प्रत्येकाच्या खोडावर नखानं जरासं खरवडून पाहिलं, सालीखाली ओलं, पोपटी लागलं. एकाचा शेंडा वरून चार बोटं तपकिरी, कोरडा निघाला. तो हिरवं लागेपर्यंत कापून टाकला. तेव्हा उपटून बघायला कुणाला सांगू नकोस, आणि दुसरं पार्सल तर मागवूच नकोस.

झालंय काय ते सांगतो. हिमाचलात थंडीत पानगळ होऊन झाड झोपी गेलं की ही रोपं उपटतात. माती झटकून, मुळं ओल्या शेवाळात गुंडाळून पाठवतात. उपटताना जाड मुळं हाती येतात, पण पाणी ओढणारी तंतुमुळं बहुतेक तिथल्याच मातीत तुटून राहतात. म्हणजे तुझ्या दारात उतरलं ते खोड, चार जाड मुळं आणि त्यांत साठवलेलं अन्न. या शिदोरीवर त्याला आधी नवी मुळं काढायची आहेत. आपल्याकडे सागाची जडी लावतात तीही बिनमातीचीच. तिचं तर खोडही बोटभरच ठेवतात. पण ती पहिल्या पावसाला लागते, वर ढग असतात, हवेत ओल असते. तुझी रोपं जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकता उरकता आली आणि पुढं आपला उन्हाळा उभा आहे. खरी गोम इथंच आहे.

आता दुपारचा पारा पस्तिशीकडे सरकायला लागलाय. या उबेनं खोडावरचे डोळे, म्हणजे पालवीचे कोंब, फुगतात, खोडातल्याच ओलीवर पानं उमलतात आणि घरात आनंदीआनंद होतो. खाली मूळ सुटलेलं नसलं तर तीच पानं थोड्या दिवसांत दुपारी मान टाकतात, कडा करपतात आणि बघता बघता रोप जातं. लोक म्हणतात पाणी कमी पडलं, आणि अजून ओततात. म्हणून खरं सांगू का, ज्या दोघांना पालवी फुटलीय त्यांचीच मला जास्त काळजी आहे. ज्यांना फुटली नाही ती घाई करत नाहीयेत, एवढंच.

त्या दोघांच्या मुळांना मी हात लावला नाही. उरलेली तीन मात्र कुंडीतून काढली, कारण शेतातली काळी माती भरलेली मला पटली नाही. जमिनीत ती सोनं आहे, पण कुंडीत ओली झाली की चिखलाचा गोळा होतो आणि वाळली की कडेनं भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी सरळ खाली निघून जातं, मुळाशी पोचतच नाही. दोन भाग पोयटा, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत असं कालवलं. तोवर मुळं बादलीत बुडवून ठेवली होती. त्यातल्या एका रोपाचं जाड मूळ जिथं तुटलं होतं तिथं काठानं पांढरट गाठ धरलीय आणि तिच्यातून नखाएवढं, दोऱ्यासारखं पांढरंशुभ्र मूळ बाहेर आलंय. काकूंना हाक मारून दाखवलं. वर काडीसारखं दिसणारं ते रोप खाली कामाला लागलंय दत्तू!

कलमाचा सांधा मातीच्या वर चार बोटं राहील असं बघितलं. सांध्याखालून फुटवा आला तर तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या रोपाचा, आपल्या सफरचंदाचा नाही. दिसला की लगेच काढायचा. फुलं येतील तीही खुडायची. हिमाचलचे शेतकरी हरिमन शर्मा यांची एचआरएमएन-९९ काय किंवा अ‍ॅना काय, या कमी थंडीच्या जाती पहिल्याच वर्षी कळ्या दाखवतात आणि त्या खुडायला आपला जीव होत नाही. पण मुळाआधी फळ धरलं तर रोप खचतंच.

कुंड्या पश्चिमेच्या भिंतीला टेकून होत्या. काळं प्लास्टिक, त्यात भिंतीची धग. संध्याकाळीसुद्धा कुंडीची बाजू हाताला चटका देत होती. कोवळं मूळ नेमकं त्या कडेलाच पोचतं आणि तिथं भाजतं. सगळ्या कुंड्या पूर्वेला, पारिजातकाच्या आडोशाला नेल्या. दहापर्यंतचं ऊन पुरे. भोवती किलतान गुंडाळलं, वर उसाचं पाचट पसरलं. पान नसलेल्या खोडांनाही किलतानाची पट्टी सैल बांधलीय. ती सकाळ-संध्याकाळ ओली करायची, म्हणजे डोळे वाळत नाहीत. प्लास्टिकची पिशवी घालायचं तू म्हणाला होतास, ते थंड मुलखात ठीक आहे. इथं आत शिजून निघतील.

पाण्याचं नीट ऐक. बोट दोन पेरं आत घालायचं, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पान नसलेलं रोप पाणी पितच नाही म्हटलं तरी चालेल, आणि साचलेल्या पाण्यात मुळं गुदमरून कुजतात. बोअरचं नको. कुंड्यांच्या काठावर क्षारांचा पांढरा थर आलाय तो त्याचाच. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं तेव्हा एक पिंप रोपांसाठी वेगळं भरून ठेवायला सांगितलंय.

युरिया, डीएपी काही टाकू नकोस बे. ओढायला मुळंच नाहीत तर खत जाणार कुठं? ते मातीतच राहून उरलेली मुळं जाळेल. पानं पूर्ण उघडून जाड झाली, भर दुपारी ताठ उभी राहिली आणि पहिल्या पालवीनंतर पुन्हा नवा शेंडा सरकला, की मग शेणाची पातळ स्लरी देऊ. तोपर्यंत रोप लागलं असं मी म्हणणार नाही.

मार्च सगळा जाऊ दे. तोवर एखादं फुटलं नाही तर पुन्हा खरवडून बघेन आणि तुला कळवेन. यंदाचा उन्हाळा सगळी कुंडीतच काढतील, शेतात न्यायची नाहीत. खड्डे मात्र मे महिन्यात खणून तापू देऊ. तुझ्या विहिरीजवळ मुरमाड चढ आहे ना, तीच जागा मला बरी वाटते, पाणी थांबत नाही. पावसानं चांगला जम धरला की मग लावू. तेव्हा रजा काढून ये.

काकूंना फोन करशील तेव्हा रोज पाणी घालू नका हे तूच सांग. माया आहे, हात आवरत नाही त्यांचा. आणि त्या पांढऱ्या मुळाबद्दल विचार, त्यांना सांगायला आवडेल.

तुझा,
सिद्धू