मनू, आधी ईमेलचा पासवर्ड बदल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तुला मीटिंग होती म्हणून फोनवर नीट बोलता आलं नाही, लिहूनच पाठवतोय. सुमामावशीने १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नोंदवलीय. चोराने तुझ्या हॅक केलेल्या अकाउंटवरून पैसे मागितले, "अर्जंट आहे, संध्याकाळी परत करते" असं आल्यावर ती कशाला विचार करणार, पाठवून मोकळी झाली. पैशाचं बघू काय होतं ते. मला काळजी ईमेलची आहे. त्या अकाउंटचाच पासवर्ड ईमेललाही आहे असं तूच म्हणालीस, आणि ईमेल एकदा दुसऱ्याच्या हातात गेलं की बाकी ठिकाणी नुसतं 'फर्गॉट पासवर्ड' दाबायचं, लिंक तिथेच येते.

हे लोक एकेकाचा पासवर्ड ओळखत बसत नाहीत गं. एका साइटवरून फुटलेली यादी घेतात आणि त्यातली ईमेल-पासवर्डची जोडी प्रोग्रॅम लावून शंभर ठिकाणी घालून बघतात. २००९ मध्ये रॉकयू कंपनीचे ३ कोटींवर पासवर्ड जसेच्या तसे बाहेर आले, सगळ्यात जास्त वेळा १२३४५६, बाकी नावं नि लाडाचे शब्द, आणि ती यादी अजून वापरात आहे. मोती आणि पुढे @ लावून तुझं जन्मसाल, हे त्यांच्या प्रोग्रॅमला काहीच नाही.

मोतीला आणलंस तेव्हा दुसरीत होतीस. भिजलेलं पिल्लू दप्तरात घालून आलीस, आईने आधी तुझ्या वह्या पंख्याखाली वाळत घातल्या, मग त्याला दूध. त्याचं नाव तू अजून रोज टाइप करतेस हे कळलं आणि बरं वाटलं, खरं सांगतो. पण बदल.

ईमेलला एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घे, डिक्शनरी उघडून डोळे मिटून बोट ठेव, मनाने निवडलेस की परत घरातलंच काहीतरी येईल. लांबी महत्त्वाची. अमेरिकेच्या निस्टनेही (मानकं ठरवणारी सरकारी संस्था) २०१७ मध्ये सांगितलं की उगाच दर काही महिन्यांनी बदलायला लावू नका, फुटला असेल तर मात्र लगेच बदला. बाकीचे पासवर्ड, पासवर्ड बनवून लक्षात ठेवणाऱ्या ॲपला, म्हणजे पासवर्ड मॅनेजरला, बनवू दे, बिटवॉर्डन फुकट मिळतं. आणि टू-स्टेप लाव, म्हणजे पासवर्डनंतर अजून एक कोड मागतं, तेही फोनवरच कोड दाखवणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवालं, एसएमएस नको, चोर आपल्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढून घेतात. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असायच्या, एक मॅनेजरकडे, एक माझ्याकडे, एकट्याला दार उघडताच यायचं नाही, तसंच हे. रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हरवला तर आत शिरायला लागणारे, कागदावर लिहून कपाटात ठेव.

लेक्चर झालं, सॉरी. हैदराबादला एकटीने घर लावलंस, ऑफिसात आठ जणांची टीम सांभाळतेस, आणि मी अजून दप्तर तपासल्यासारखा लिहितोय. पण रात्री झोप लागत नाही. ईमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग बघितलंस का? चोर तिथे स्वतःचा पत्ता घालून जातात, मग पासवर्ड बदलला तरी मेल त्यांना जात राहतात. रिकव्हरी नंबर तुझाच आहे ना तेही बघ आणि सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआऊट कर.

नानांची अँजिओग्राफी शनिवारी आहे, तू धावत यायची गरज नाही, मी आणि विजू आहोत.

ईमेलचं झालं की फोन कर, कितीही वाजू देत. आणि मावशीला तू स्वतः कर. ती रागावलेली नाही, उलट मला विचारत होती, मनूला खरंच पैसे लागत होते का, लागत असतील तर अजून आहेत म्हणून.

तुझा,
बाबा