वाचनालयाच्या टेबलावर मोहीम मांडताना

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की आपल्या अंकात उन्हाळी शिबिरांच्या बातम्या सुरू होतात. पोहणे, हस्ताक्षर, स्पोकन इंग्लिश. या यादीत टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाची भर पडावी आणि ती गावोगावच्या वाचनालयांत पडावी, असे आम्हाला मनापासून वाटते. नागपूरला शिकणारी पोरे हा खेळ मोबाइलवर पाहतात, सुट्टीत गावी आल्यावर मित्र गोळा करतात आणि दोन-तीन बैठकांत मोहीम, म्हणजे बैठकीमागून बैठक पुढे चालणारी गोष्ट, बंद पडते. बंद पडण्याची कारणे बहुतेक ठरलेली आहेत आणि टाळता येण्यासारखी आहेत. ती नीट सांगायची म्हणून पत्र लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. या प्रकारातला पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. एक जण गेम मास्टर होतो; जग, त्यातली माणसे आणि राक्षस त्याच्याकडे. बाकीचे चार-पाच जण एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करते ते सांगतात. जमले की नाही हे शंकास्पद असेल तेव्हा वीस बाजूंचा फासा टाकायचा. जानेवारी २०२३ पासून पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, सुमारे चारशे पाने, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. मूळ प्रकाशकाचे श्रेय छापले की झेरॉक्स काढा, मराठीत आणा, वाटा. कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. पहिल्या दिवशी त्यातली दहा-बारा पाने पुरतात.

आता मुख्य मुद्दा. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटके चालतात. ती पाहत वाढलेला पोरगा गेम मास्टर झाला की आधी संहिता लिहायला बसतो. पहिला अंक, दुसरा अंक, शेवटी खलनायक उघडा पडतो. पण या खेळातल्या नटांनी संहिता वाचलेली नसते, वाचायचीही नसते. ते पाटलाच्या वाड्यावर जातील असे धरून वीस पाने लिहावीत आणि त्यांनी तलावाच्या पाळीवर (बांधावर) जावे, हे हमखास घडते. मग गेम मास्टर त्यांना या ना त्या निमित्ताने ओढून वाड्यावर आणतो. आपण काहीही केले तरी होणार तेच आहे, हे पोरांना अर्ध्या तासात कळते. दुसऱ्या बैठकीला निम्मे जण 'काम होते' म्हणतात, त्याचे खरे कारण बहुतेक वेळा हे असते. म्हणून पुढे काय घडणार ते लिहूच नये. कोण कुठे आहे, त्याला काय हवे आहे आणि कोणी आडवे आले नाही तर काय होईल, एवढेच लिहावे.

त्याला एक पान लागते. आमच्या भागात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेला मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला गावतलाव, घ्या. पावसाळा चांगला झाला तरी तलाव महिन्याला हातभर उतरतो आहे. पाळ फुटलेली नाही, पाणी सोडायचे तुडूम बंद दिसते. या अडचणीभोवती तिघे मांडा. पाटलीणबाईंना भाताच्या रोवणीपर्यंत पाणी टिकवायचे आहे आणि त्यासाठी बाहेरून हत्यारबंद माणसे आणायची त्यांची तयारी आहे. मासेमारांच्या म्होरक्याला पाणी उतरलेलेच हवे, कारण तळाच्या गाळात पुरलेले काहीतरी त्याला काढायचे आहे. आणि तुडुमाच्या भुयारात राहणाऱ्या राखणदाराला फक्त आपली अंडी ओली ठेवायची आहेत. पानाच्या तळाशी सहा चौकोन काढा. खेळाडूंनी तलावाकडे पाठ फिरवली किंवा त्यांचा बेत फसला, की बैठकीअखेर एक चौकोन भरायचा. दुसऱ्याला गावच्या विहिरी तळ गाठतात, चौथ्याला हत्यारबंद माणसे गावात उतरतात, सहाव्याला तलावाचा तळ उघडा पडतो. एवढे हाताशी असले की खेळाडू वाड्यावर जावोत, पाळीवर जावोत की गाव सोडून जावोत, गेम मास्टर अडत नाही. फक्त नवेगाव बांधासारख्या खऱ्या तलावाचे नाव देऊ नये. नाव खरे असले की खेळ बाजूला राहतो आणि पाळ किती लांब आहे यावरच वाद रंगतो.

खुणांच्या बाबतीत नवा गेम मास्टर हमखास कंजुषी करतो. 'रात्री तुडूम कोणी माणूसच उघडतो' हे खेळाडूंना कळायला हवे असेल तर एक खूण पुरत नाही. एक त्यांच्या नजरेतून सुटते, दुसरीचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरी कामी येते. म्हणून तीन खुणा तीन वेगळ्या जागी ठेवाव्यात. पाळीच्या कोरड्या बाजूला ओली पावले; तुडुमाच्या लाकडी बुचाला चोपडलेले ताजे तेल; आणि राखणीचा म्हातारा, ज्याला दर अमावस्येला कोणीतरी फुकट दारू पाजतो. वर्णन तीन वाक्यांत आटपावे आणि प्रश्नावर सोडावे:

"पाळीच्या कोरड्या अंगाला ओली पावलं आहेत. सगळी वर चढणारी, उतरणारं एकही नाही. तुम्ही काय करता?"
"मी तुडुमात उतरतो."
"दोर कोणाजवळ आहे?"
"दोर त बैलबंडीतच राहिला ना बे!"

इथून पुढची वीस मिनिटे गेम मास्टरला काही रचावे लागत नाही.

फाशांपायी खेळ अडू नये. बहुबाजूंचे फासे ऑनलाइन मिळतात, पण ते येईपर्यंत गावातल्या कोणत्याही घरी असलेला हाउजीचा डबा काम देतो. १ ते २० च्या गोट्या काढून कापडी पिशवीत घाला. वीस बाजूंचा फासा तयार. काढलेली गोटी दर वेळी परत टाकून पिशवी हलवायची. हे विसरले की २० ची गोटी एकदा निघाल्यावर पुढच्या कोणालाही २० मिळणार नाही आणि सगळे गणित बिघडेल. दोन वेळा टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत असेल तेव्हा दोन गोट्या एकदम काढल्या तरी चालते. ११ किंवा जास्त येण्याची शक्यता ७५ ऐवजी ७६ टक्के होते, इतकाच फरक. इजेसाठी लुडोचा फासा घ्या. आठ बाजूंच्या फाशाची सरासरी साडेचार, लुडोचा फासा अधिक १ याचीही साडेचार. दहा बाजूंचा हवा असेल तिथे अधिक २. चार बाजूंच्या जागी उणे १. दोन लुडो फाशांची बेरीज मात्र वीसच्या फाशाऐवजी वापरू नये. बेरीज ७ च्या आसपास घुटमळते आणि १ किंवा २० च्या वेळी टेबलावर होणारा आरडाओरडा हरवतो.

आता या खेळातला सगळ्यांत कमी समजलेला भाग. प्रत्येक कामाला गेम मास्टर काठिण्याचा आकडा ठरवतो; गोटीवरचा आकडा आणि पात्राचे त्या कामातले अधिक-उणे मिळून तेवढे किंवा जास्त झाले की काम जमले. हे आकडे १०, १५ आणि २० एवढे तीनच ठेवले तरी भागते. १५ च्या कामाला ज्याच्याकडे अधिक ५ आहे त्याला गोटीवर १० किंवा वर लागते, म्हणजे ५५ टक्के. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला ३० टक्के. पण चार कोऱ्या पात्रांनी एकाच खोलीत आलटून पालटून शोध घेतला तर कोणातरी एकाला सापडण्याची शक्यता ७६ टक्क्यांवर जाते, आणि अवघड म्हणून ठेवलेली गोष्ट सोपी होऊन बसते. चोरपावलांनी जाताना नेमके उलटे होते. प्रत्येकाला ५५ टक्के असले तरी चौघांनाही एकदम साधण्याची शक्यता फक्त ९ टक्के. गेम मास्टरला हे कळत नाही, दर वेळी पहारेकरी जागे होतात, आणि पोरे म्हणतात, लपून काही होतच नाही, सरळ मारामारीच करू. त्यावर नियमांतच तोड आहे: टोळीने एकत्र काम करताना निम्म्यांना जमले की सगळ्यांना जमले. तसे धरले की तीच शक्यता ७६ टक्के होते. शोधताना मात्र एकानेच गोटी काढावी. दुसऱ्याने मदत केली तर दोनातली मोठी.

आणि जिथे अपयशाने खेळच थांबेल तिथे गोटी काढायलाच सांगू नये. भुयाराचे दार उघडले नाही तर पुढे काही नाही, अशी स्थिती असेल तर दार उघडू द्यावे. गोटी काढायची ती दार किती आवाज करते यासाठी.

पात्र तयार करताना सहा गुणांना १५, १४, १३, १२, १०, ८ हे आकडे वाटून द्यावेत: शक्ती, चपळाई, तग, बुद्धी, जाण, छाप. गुणातून १० वजा करून निम्मे केले की अधिक-उणे मिळते. अर्धा उरला तर खालचा आकडा घ्यायचा. पहिल्याच दिवशी फासे टाकून गुण ठरवले की एकाला सगळे मोठे येतात, एकाला सगळे लहान, आणि लहानवाला पुढे येत नाही.

पात्रे पहिल्या पातळीपासून सुरू होऊन खेळता खेळता वर चढतात, आणि पहिल्या पातळीची पात्रे फार नाजूक असतात. तग १४ असलेल्या जादूगाराचे प्राणगुण ८; इजा झाली की ते कमी होतात आणि संपले की पात्र आडवे. गॉब्लिनचा, म्हणजे खेळातल्या बुटक्या राक्षसाचा, बाण लागला की सरासरी साडेपाच जातात. दोन बाणांत जादूगार आडवा. २०१४ च्या नियमांच्या हिशेबाने चार गॉब्लिन विरुद्ध पहिल्या पातळीची चार पात्रे ही लढत 'घातक' वर्गात बसते, आणि नवखा गेम मास्टर नेमकी तीच पहिल्या बैठकीत ठेवतो. दोन ठेवा, फार तर तीन. गॉब्लिनच ठेवायला हवा असेही नाही. त्याचे आकडे घ्या (संरक्षण, म्हणजे त्याला फटका लागायला गाठायचा आकडा, १५; प्राणगुण ७; हल्ल्याला अधिक ४) आणि रूप बदला: तुडुमातले गुडघ्याएवढे, चिखलाने माखलेले राखणदार. एकटाच मोठा राक्षस ठेवणेही फसते. ५९ प्राणगुणांचा ओगर (धिप्पाड राक्षस) पहिल्या पातळीच्या जादूगाराला एका फटक्यात पाडतो. चौथ्या पातळीला चौघे मिळून त्याला दोन-तीन फेऱ्यांत (एका फेरीत प्रत्येकाची एक खेळी) लोळवतात, कारण त्याच्या एका खेळीला यांच्या चार असतात. सोबतीला दोन-तीन बारके द्यावेत, किंवा जिंकणे मारण्यावर ठेवूच नये: बूच बसेपर्यंत तीन फेऱ्या तग धरा, एवढे पुरते.

लढाई लांबली की मोबाइल बाहेर निघतात. पाच खेळाडूंनी प्रत्येकी दोन मिनिटे आणि गेम मास्टरने तीन घेतली तर एक फेरी तेरा मिनिटांची, तीन फेऱ्या चाळीस मिनिटांच्या. एकाची खेळी चालू असतानाच पुढच्याला 'यानंतर तुझी' म्हणून सावध करावे. निम्मे शत्रू पडले की उरलेल्यांना पळू द्यावे. नकाशा कृषी केंद्राच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, इंचाचे चौकोन आखून. एक चौकोन पाच फूट. सोंगट्या म्हणून चिंचोके, राक्षसांना बाटल्यांची झाकणे.

वेळापत्रक गावाच्या कामाप्रमाणे ठरवावे. होळीनंतर सुरू करून मृगापर्यंत पंधरा दिवसांनी एक बैठक धरली तर सहा होतात, आणि वरच्या तलावाची गोष्ट सहांत पुरी होते. मोहफुलांची वेचणी पहाटेची असते, संध्याकाळ मोकळी मिळते. तेंदूपत्त्याच्या दिवसांत मात्र बैठक पुढे ढकलावी. आठवडी बाजाराचा दिवस टाळावा, तीन तासांपेक्षा जास्त बसू नये आणि शेवटच्या एसटीच्या अर्धा तास आधी उठावे. पाचांतले तीन आले की खेळायचेच, हे पहिल्या दिवशी ठरवावे; एक आला नाही म्हणून बैठक रद्द करण्याची सवय लागली की मोहीम संपलीच. त्यासाठी प्रत्येक बैठक पात्रे मुक्कामाला पोचल्यावर थांबवावी. भुयाराच्या मध्यात थांबले तर पुढच्या वेळी गैरहजर असलेल्याच्या पात्राचे काय करायचे हे सुचत नाही. मुक्कामाला असेल तर ते बैलबंडीजवळ राखणीला राहते.

एका बाबतीत आमचे मत ठाम आहे. पहिली बैठक खेळायची नसते, बोलायची असते. कोणता विषय टेबलावर येणार नाही ते त्या दिवशी कागदावर लिहायचे. आपल्याकडे त्या कागदावर दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. चेटकीण म्हणून गावातली एखादी म्हातारी बाई उभी करायची नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला, तरी त्या संशयाने छळलेली बाई कोणाच्या तरी नात्यात असू शकते. आणि वाघ राक्षस म्हणून वापरायचा नाही. या जिल्ह्यांत मोहफुले वेचायला गेलेली माणसे परत आलेली नाहीत, आणि त्यांची मुले याच टेबलाशी बसणार आहेत. ड्रॅगन आणा, बोलणारा दगड आणा, पाण्याखालचे नगर आणा. कागद भिंतीला लावून ठेवावा आणि मध्येच कोणी 'हे नको' म्हटले तर कारण न विचारता पुढे जावे.

वाचनालयाच्या चालकांकडून फार काही लागत नाही: पंधरा दिवसांतून एक संध्याकाळ, सहा खुर्च्यांचे टेबल, लाईन गेली तर चार्जिंगचा दिवा, आणि मोहिमेची वही व पिशवी ठेवायला कुलपाच्या कपाटातला एक कप्पा. आवाज होईल, म्हणून वाचकांची वेळ संपल्यानंतरची वेळ द्यावी.

आपले,
एका गावच्या वाचनालयातील खेळगटाचे सभासद,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया