आजी, त्या टॉवेलबद्दल

आजी,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. चारचौघांत नाव घेतलेलं तुम्हाला रुचणार नाही, एवढं त्या एका दुपारी कळलं. तुमच्या सेनेका या मूळ अमेरिकन लोकांच्या भाषेतला आजीसाठीचा शब्द तुम्ही दोनदा शिकवलात, मला दोन्ही वेळा म्हणता आला नाही. तेव्हा आमची मराठीतली आजीच.

न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथून मी ती टाचण्या खोचायची उशी आणली. तळहाताएवढी, आत भुसा, वर विटकी जांभळी मखमल आणि काचेच्या मण्यांची पानं-फुलं. खरं सांगते, रुखवतातल्या वस्तूंची आठवण झाली म्हणून घेतली. एका कडेचे मणी ओघळत होते. ही कुणाच्या हातची, कशी सांभाळायची, हे विचारत महिनाभर फिरले. एका दुकानदाराने हातातही न घेता सांगितलं, "इंडियन आहे, तुमच्यासारखीच", आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. एका संग्रहालयाचं दीड ओळीचं उत्तर आलं : पर्यटकांसाठी केलेली किरकोळ वस्तू. शिकलेली माणसं ही!

मग तुम्ही. मी वर्तमानपत्रात गुंडाळलेली उशी सोडायला लागले तर "थांब" म्हणालात. आतून धुतलेला पांढरा टॉवेल आणलात, दुहेरी करून टेबलावर घातलात, सुरकुत्या तळहाताने काढल्यात. उशी त्यावर ठेवायला लावलीत आणि माझ्याशी बोलायच्या आधी तिच्याशी तुमच्या भाषेत काहीतरी बोललात. बाळ ठेवायच्या आधी आपण दुपटं असंच सारखं करतो. सुटे मणी घरंगळू नयेत, इतकाच हेतू असेलही. माझ्या मात्र घशाशी आलं.

नंतर पुष्कळ सांगितलंत. पत्र सगळ्यांसमोर आहे म्हणून थोडं इथे लिहिते. दोन टाक्यांमधल्या अंतराला पुरतील त्याहून जास्त मणी दोऱ्यात ओवायचे, म्हणजे ओळ कमानीसारखी वर उचलली जाते. ते फुगीर काम हौदेनोसोनी बायकांची, म्हणजे सेनेका धरून सहा राष्ट्रांच्या संघातल्या बायकांची, ओळख. कडेची अर्धवर्तुळं म्हणजे आकाशाचा घुमट, तुमच्या सृष्टीच्या कथेत जिथून आकाशातली बाई खाली आली आणि कासवाच्या पाठीवर उतरली.

"पर्यटकांसाठी" हा शब्द मी ओशाळून उच्चारला, तर तुम्ही म्हणालात, "मग?" त्या एका शब्दाने माझी महिनाभराची कीव उतरवलीत. तुमच्याकडे मका, घेवडा, भोपळा, सगळी शेती बायकांच्या हातात असायची. कूळ आईकडून, लांबघर (अनेक कुटुंबांचं एकत्र राहायचं लांब घर) बायकांचं, सरदार नेमायचा आणि चुकला तर उतरवायचा अधिकार कुळमातांचा. १७७९ मध्ये, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, जनरल सलिव्हनच्या अमेरिकन फौजेने ४० च्या वर गावं जाळली, उभा मका आणि फळबागाही सोडल्या नाहीत. पुढे जमीनही जात राहिली. तेव्हा १९व्या शतकात बायकांनी सुईवर घर चालवलं. त्याच संघातल्या टस्कारोरा बायका नायगराच्या धबधब्यापाशी बसून उशा, पिशव्या विकायच्या. गिऱ्हाइकाला काय आवडतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि घुमट तरीही आपलाच शिवायच्या.

टोनावांडाच्या सेनेका वस्तीतल्या कॅरोलाइन पार्करचं नावही तुमच्याकडूनच ऐकलं. तिने मणीकाम केलेले कपडे १८४९ च्या सुमारास मानववंशशास्त्रज्ञ लुईस हेन्री मॉर्गनने न्यूयॉर्क राज्याच्या संग्रहासाठी घेतले, आणि १९११ मध्ये आल्बनीच्या कॅपिटॉल इमारतीला आग लागली, त्यात त्या संग्रहातलं कितीतरी जळालं. तिथे नाव राहिलं, वस्तू गेल्या. माझ्या उशीचं नेमकं उलट.

उशी तुमच्याकडेच ठेवा म्हटलं, तर चक्क रागावलात. "जिने केली तिने विकली, तू घेतलीस, टाचण्या खोच." ओघळणारा दोरा तुम्ही बांधला नाहीत, सुई माझ्या हातात दिलीत. माझी गाठ वाकडी आली, तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत. माहिती सांगणारी माणसं मला आयुष्यात खूप भेटली, पण समोरच्याला लहान न करता सांगणारी बोटांवर मोजण्याइतकी.

निघताना उशी त्या टॉवेलातच गुंडाळून दिलीत. तो धुऊन, उन्हात वाळवून ठेवलाय. शनिवारी परत आणते. सोबत थोड्या पुरणपोळ्या असतील, त्यांच्याखाली कागद घातला तर चालेल.

तुमची,
वाकड्या गाठीवाली