हेलपाटे मोजा, मंत्रिमहोदय

मा. नागरी सेवा मंत्री यांस,

स. न. वि. वि.

‘महिन्यात किती अर्ज निकाली निघाले’ हा आकडा आपल्यापुढे येतच असेल. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखून घ्या: त्यासाठी माणूस किती वेळा आला?

काम न होता झालेल्या फेरीला आपण हेलपाटा म्हणतो. वेळ जातो, भाडे जाते, अर्धी रजा जाते आणि कागद पुन्हा पिशवीत. हे पत्र लिहिणाऱ्यांत काही खिडकीच्या आत बसणारे आहेत, काही बाहेर उभे राहणारे. एरवी आमचे फारसे पटत नाही, पण एवढ्या गोष्टीवर एकमत आहे.

घरातून निघालेला माणूस सहसा एकाच कामाला निघत नाही. भरायचे बिल, दुरुस्तीला टाकायची वस्तू, औषधाची चिठ्ठी, बँकेचे काम आणि तुमचा अर्ज, अशी पाच कामे धरा. ती करण्याचे १२० क्रम होतात आणि त्यांतले मोजकेच वेळेत बसतात. जे लवकर बंद होते ते आधी, जड सामान शेवटी, आणि इन्सुलिनसारखे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे औषध अगदी घराकडे वळताना, हा हिशेब त्याने मनाशी केलेला असतो. तुमच्या खिडकीवर अंदाजापेक्षा एक तास जास्त गेला की पुढची सगळी कामे उद्यावर जातात. म्हणून टोकनवर नुसता नंबर छापू नका, अंदाजे वेळही छापा: ‘११.३० ते ११.५०’. तेवढ्यात तो औषध दुकानात जाऊन येईल. हुकलेल्या नंबराला पुढच्या तिघांनंतर घ्यावे, पुन्हा शेपटीला पाठवू नये.

हेलपाट्याचे सगळ्यात मोठे कारण म्हणजे एका वेळी एकच चूक सांगण्याची पद्धत. खिडकीवर अर्ज वरून खाली तपासला जातो आणि पहिली चूक सापडली की तिथेच परत दिला जातो. ‘जन्मतारखेचा पुरावा नाही.’ माणूस दुसऱ्या दिवशी पुरावा घेऊन येतो, मग कळते की फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा नको, ५१ बाय ५१ चा हवा. लहान फोटोतून मोठा कापता येत नाही, म्हणजे पुन्हा स्टुडिओ. तिसऱ्या दिवशी सही रकान्याबाहेर गेलेली दिसते. तिन्ही चुका पहिल्याच दिवशी कागदावर होत्या. नियम एवढाच करा: अर्ज परत द्यायचा तर शेवटच्या ओळीपर्यंत तपासूनच द्यायचा, सगळ्या त्रुटी एका चिठ्ठीवर लिहायच्या आणि खाली तपासणाऱ्याची सही. चिठ्ठीत नसलेल्या कारणासाठी तोच अर्ज पुन्हा परत करता येणार नाही.

ही तपासणी रांगेच्या शेवटी नको, सुरुवातीला हवी. दाराशी एक टेबल आणि त्यावर कार्यालयातला सर्वांत अनुभवी माणूस (सर्वांत नवा नव्हे, जो आज तिथे बसवला जातो). तो टोकन देण्याआधी कागद चाळेल: मूळ प्रत, झेरॉक्स, फोटो, सही, तारीख. दोन मिनिटांत होते. ‘आवश्यक कागदपत्रे’ हा फलक फाटकाबाहेर लावा, कार्यालय बंद असतानाही वाचता आला पाहिजे. त्यावर ‘ओळखीचा पुरावा’ एवढेच मोघम लिहू नका. कोणता, मूळ की प्रत, किती प्रती, दोन्ही बाजूंची की एकाच, हे लिहा. निम्मी माणसे कार्डाची मागची बाजू विसरतात, असे आमच्यातले आत बसणारे म्हणतात. बाहेर उभे राहणारे म्हणतात, विसरत नाहीत, कुणी सांगितलेलेच नसते.

आता रांगेकडे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आगनर एर्लांग यांनी १९०९ मध्ये कॉल कसे येतात याचा हिशेब मांडला आणि रांगांचे गणित तिथून वाढले. त्यातला एक आकडा आपल्या कामाचा आहे. एका कामाला सरासरी ५ मिनिटे लागतात, माणसे वाटेल तेव्हा येतात, कामे लहानमोठी असतात आणि खिडकी एकच आहे, असे धरू. खिडकीवरचा कर्मचारी ८० टक्के वेळ कामात असेल तर नव्या माणसाला सरासरी २० मिनिटे थांबावे लागते. तो ९० टक्के वेळ कामात असेल तर ४५ मिनिटे. ९५ टक्के झाले की ९५ मिनिटे.

पाहणीला आलेल्या साहेबांना मोकळा बसलेला कर्मचारी डोळ्यांत खुपतो आणि ते एक खिडकी कमी करतात, तेव्हा हे असे होते. त्याची ती मोकळी मिनिटे म्हणजेच रांग आटोक्यात असल्याची खूण. शिवाय हेलपाटा याच हिशेबात येऊन मिसळतो. शंभरातले बारा-तेरा लोक एकदा परत आले आणि त्यांना पुन्हा तेवढीच मिनिटे लागली, की ८० टक्क्यांची खिडकी ९० टक्क्यांवर जाते आणि २० मिनिटांची रांग ४५ ची होते. अर्ज जेवढे होते तेवढेच.

खिडक्या अनेक असतील तर रांग एकच ठेवा, जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा जाईल. एक किचकट प्रकरण मग मागच्या दहा जणांना अडवत नाही. आणि जेवणाची सुट्टी सगळ्या खिडक्यांना एकाच वेळी देऊ नका. नोकरी करणारा माणूस त्याच्या जेवणाच्या सुट्टीतच येऊ शकतो आणि नेमके तेव्हाच सगळे पडदे ओढलेले असतात.

पोचपावतीचेही पाहा. मशीनमधून निघणारी गुळगुळीत पावती उष्णतेने काळा होणारा लेप असलेल्या कागदावर छापलेली असते, शाईने नव्हे. उन्हाने ती फिकटते, आणि माणूस जपून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवतो तर त्यातल्या रसायनांनी अक्षरे आणखी लवकर पुसट होतात. दोन महिन्यांनी तो कोरा कागद घेऊन उभा राहतो आणि ‘अर्ज क्रमांक सांगा’ म्हटल्यावर त्याच्याकडे उत्तर नसते. क्रमांक साध्या कागदावर छापा आणि मोबाइलवरही पाठवा.

बोटांचे ठसे: वय झालेल्यांच्या आणि हाताने कष्टाची कामे करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते. ओलसर फडके, मग दुसरे बोट, आणि तिसऱ्या प्रयत्नानंतर दुसरा मार्ग, साहेबांची वेगळी परवानगी न लागता. ऑनलाइन अर्जाबद्दल एकच: फाइलची मर्यादा आणि प्रकार ती चढवण्याआधी सांगा, पाचव्या पानावर ‘त्रुटी’ असे लाल अक्षरांत नको.

पहिल्या महिन्यात एवढेच करून पाहा: दाराशी ते टेबल, सगळ्या त्रुटींची एकच चिठ्ठी आणि अहवालातला तो नवा रकाना.

आपले,
खिडकीच्या आतले आणि बाहेरचे

ता. क. खिडकीला दोरीने बांधलेले पेन बंद पडते तेव्हा बहुधा रिफिल संपलेली नसते. जागा नसल्याने लोक कागद भिंतीला टेकवून लिहितात. बॉलपेनची शाई आपल्या वजनाने खाली टोकाकडे येते, पेन आडवे धरले की काही ओळींनंतर ती येईनाशी होते. छातीइतक्या उंचीची एक फळी ठोका. आणि दोरी हातभर लांब करा, डावखुऱ्यांनाही सही करायची असते.